घरांतील जुनीं पत्रें : एक पवित्र ठेव

(शताब्दी महोत्सवाच्या सप्ताहांत धर्मग्रामाच्या सभागृहांत प्रमुख धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठीं महोत्सव समितीनें मला विषय निवडण्याची मोकळीक दिली, तेव्हां पुष्कळांची अशी समजूत झाली असेल कीं, मी आपल्या मंदिराच्या बांधणीचा इतिहास सांगेन, किंवा पहिल्या मिशनरी फादरांच्या कष्टांचें वर्णन करीन. ते दोन्ही विषय थोर आहेत, आणि माझ्याहून अधिक जाणकार मंडळी त्यांवर ह्या सप्ताहांत बोलणार आहेत. मी मात्र आज आपणांपुढें एका लहानशा, घरगुती विषयावर बोलणार आहें. तो विषय म्हणजे आपल्या घरांतील जुनीं पत्रें व जुने फोटो; आणि त्यांतहि विशेषेंकरून लढाईच्या काळांत आपल्या वडिलांनीं किंवा आजोबांनीं परमुलखांतून घरीं धाडलेलीं पत्रें.

हा विषय मला कां सुचला, तें प्रथम सांगतों. ह्या स्मरणिकेसाठीं ज्यांच्या घरीं जुने फोटो असतील त्यांनीं ते आणून द्यावेत, अशी विनंति समितीनें लागोपाठ दोन रविवारीं मिस्सानंतर केली होती. कांहीं कुटुंबांनीं ती मनावर घेतली. त्यांचे मी मनःपूर्वक आभार मानतों. परंतु आलेल्या फोटोंपैकीं बहुतेकांच्या मागील बाजूस एक अक्षरहि लिहिलेलें नाहीं, असें आढळून आलें. त्यांतील एका फोटोंत लष्करी पोशाखांतील चौघे तरुण आपल्या ह्याच मंदिराच्या पायरीवर उभे आहेत. मंदिराची कमान ओळखूं येते, पायरीजवळचें निंबाचें झाड ओळखूं येतें. परंतु तीं माणसें ओळखूं येत नाहींत. आपल्या धर्मग्रामांतील एका वृद्ध आजीबाईंना तो फोटो दाखविला, तेव्हां त्यांनीं पदरानें डोळे पुसून एकावर बोट ठेविलें, व हा माझा थोरला भाऊ, असें सांगितलें. बाकीचे तिघे कोण, तें त्यांना सांगतां आलें नाहीं. बंधुजनहो, त्या तिघांचे नातू-पणतू कदाचित् ह्याच सभागृहांत आतां बसलेले असतील. भिंतीवर लाविलेल्या त्या फोटोजवळून जातांना आपण आपल्याच आजोबांजवळून जात आहों, ह्याची त्यांना कल्पनाहि नसेल!

संत पौलानें तीमथ्यास लिहिलेलें दुसरें पत्र आपण मंदिरांत ऐकलेलें आहे. बंदिवासांत, आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या त्या पत्राच्या शेवटीं प्रेषित आपल्या शिष्यास एक साधें काम सांगतो. त्रोवस येथें कार्प ह्याच्या घरीं राहिलेला आपला झगा येतांना घेऊन यावा, पुस्तकेंहि आणावीं, आणि त्यांतल्या त्यांत चर्मपत्रें अवश्य आणावीं, असा त्या सांगण्याचा आशय आहे. मृत्यु समोर दिसत असतांना ज्याला थंडीसाठीं झगा हवा होता, त्याला आपले जुने लेखहि तितकेच हवे होते. आणि आपण हेंहि विसरूं नये कीं, नव्या कराराचा बराच मोठा भाग म्हणजे पत्रेंच आहेत. एका माणसानें दुसऱ्या माणसास, किंवा एका गांवच्या मंडळीस लिहिलेलीं तीं पत्रें होतीं. तीं कोणीतरी जपून ठेविलीं, त्यांच्या नकला केल्या, म्हणून आज तीं आपणांस लाभलीं आहेत.

पवित्र ख्रिस्तसभेनें ह्या बाबतींत आपल्या लेकरांना चांगला धडा घालून दिला आहे. त्रेंत येथील धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहांची नोंद ठेवण्याची आज्ञा केली. आणि १६१४ सालच्या रोमन विधिग्रंथानें धर्मगुरूनें पांच वह्या ठेवाव्या असें सांगितलें: बाप्तिस्म्याची, दृढीकरणाची, विवाहांची, मृतांची, आणि धर्मग्रामांतील कुटुंबांची. आपल्या कचेरीच्या कपाटांतील वह्या म्हणजे त्याच आज्ञेचें फळ होय. पहिल्या महायुद्धांत आपल्या भागांतील मिशनवर केवढें संकट आलें होतें! जर्मन फादरांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून नजरकैदेंत ठेविलें गेलें व पुढें पुष्कळांना देशाबाहेर धाडण्यांत आलें. ज्यांनीं १९०३ सालीं "निरोप्या" मासिक सुरू केलें, त्या महागुरु हेन्री डोरिंग ह्यांनाहि युद्धामुळें आपल्या पुणें धर्मप्रांतापासून दूर राहावें लागलें. मध्यंतरीं जपानांतील हिरोशिमा येथें सेवा करून ते १९२७ सालीं परत आले. फादर गेले, नवे फादर आले. परंतु वह्या जागच्या जागीं राहिल्या, म्हणून आपल्या पूर्वजांचीं नांवें आपणांस आज वाचतां येतात.

तथापि वही नांव सांगते, दिवस सांगते, साक्षीदार सांगते. तो माणूस कसा बोलत असे, कशानें कष्टी होत असे, हें वही सांगत नाहीं. तें सांगण्यास घरांतील कागदच हवेत. ह्या कामीं मी दुसऱ्या कोणाचें उदाहरण न देतां माझ्याच घरचें देतों.

माझे वडील नगर जिल्ह्यांतील, म्हणजे आज ज्यास अहिल्यानगर जिल्हा म्हणतात त्यांतील, एका खेड्यांतले. मिशनच्या शाळेंत मराठी चौथीपर्यंत शिकलेले. घरीं कोरडवाहू जमीन थोडी, आणि कर्ज फार. १९४२ सालीं, लग्नास पुरतें वर्षहि झालें नव्हतें, तेव्हां ते फौजेंत भरती झाले. त्या महायुद्धांत हिंदी सैन्याची संख्या पंचवीस लाखांवर गेली होती. त्यांतले ते एक. ते मोटार हांकावयास शिकले, मुंबईहून बोटीनें मिसर देशांत गेले, आणि १९४३ च्या अखेरीस इटलींत उतरले. आघाडीवरील सैन्यास रात्रीं, दिवे न लावतां, दारूगोळा व धान्य नेऊन पोंचविणें हें त्यांचें काम. १९४६ सालीं ते परत आले व पुन्हां शेतीला लागले. माझा जन्म झाला तेव्हां लढाई संपून बावीस वर्षें लोटलीं होतीं. मी भावंडांत शेवटचा. लढाईविषयीं ते आम्हांपाशीं फारसें बोलत नसत. परंतु रात्रीं रस्त्यानें लॉरी गेली कीं अंथरुणांत उठून बसत, आणि तिचा आवाज ऐकूं येईनासा होईपर्यंत आडवे होत नसत.

त्या चार वर्षांत त्यांनीं घरीं धाडलेलीं अडतीस पत्रें व अकरा फोटो माझ्या आईनें एका पत्र्याच्या ट्रंकेंत ठेविले होते. माझ्या आईस लिहितां-वाचतां येत नव्हतें. पत्र आलें कीं शाळेचे मास्तर ओट्यावर बसून तें वाचून दाखवीत, आणि सारी आळी ऐके. मग आई त्याची घडी करी, स्वच्छ फडक्यांत गुंडाळी, आणि ट्रंकेंत ठेवी. पावसाळा सरला कीं ट्रंक सावलींत उघडी ठेवून ती कागदांना वारा देई, व निंबाचीं वाळलेलीं पानें पुरचुंडींत बांधून कोपऱ्यांत ठेवी. कोणतें पत्र कोणतें, हें ती अक्षरांवरून नव्हे, तर डागांवरून, घडीवरून, फाटलेल्या कोपऱ्यावरून ओळखी. आणि त्यावर बोट ठेवून आंतला मजकूर तोंडपाठ सांगे. पवित्र मरियेनें सर्व गोष्टी आपल्या अंतःकरणांत सांठवून ठेविल्या, असें संत लूक सांगतो. तें शुभवर्तमान वाचतांना मला नेहमीं ती ट्रंक आठवते.

आतां त्या पत्रांत काय होतें? लढाईचें वर्णन त्यांत जवळजवळ नाहींच. आपण कोठें आहों हें लिहिण्याची शिपायांस बंदी होती. ठिकाणाऐवजीं लष्करी टपालघराचा आंकडा असे, आणि पत्र तपासणी-अधिकाऱ्याच्या हातून पुढें जाई. एका पत्रांतील दोन ओळी काळ्या शाईनें पुसून टाकलेल्या आहेत. त्या ओळींखालीं कांहीं वाईट बातमी तर नसेल ना, ह्या चिंतेनें आईनें कित्येक रात्री जागून काढिल्या होत्या. बाकीच्या पत्रांत विहिरीला पाणी किती आहे, खोंड कामाला लागला कीं नाहीं, सारा भरला काय, सावकाराची पावती घेतली काय, रोज रात्रीं पवित्र माळेची प्रार्थना होते कीं नाहीं, हेंच विचारलेलें आहे. एखादा म्हणेल, असल्या पत्रांत जपून ठेवण्यासारखें तें काय? त्याचें उत्तर एका गोष्टीनें देतों.

माझ्या सर्वांत थोरल्या बहिणीचा जन्म १९४३ सालीं झाला. बाप्तिस्म्याच्या वहींत तिचें एक नांव आहे, आणि माहेरीं-सासरीं सर्वजण तिला दुसऱ्याच नांवानें हांक मारीत आले. कानांना संवय झालेली असल्यामुळें असें कां, हें आम्हीं भावंडांनीं आईस कधीं विचारलेंहि नाहीं. पुढें पत्रें तारखेवार लावतांना मला त्याचा उलगडा झाला. मुलीच्या जन्माची बातमी मिसर देशांत पोंचून तिचें उत्तर परत येईपर्यंत चार महिने लागले होते. त्या उत्तरांत वडिलांनीं मुलीसाठीं एक नांव सुचविलें होतें. परंतु तोंवर फादरांनीं बाप्तिस्मा देऊन नांव वहींत लिहिलें होतें. वहींतलें नांव बदलवेना, आणि परदेशीं जिवावर उदार होऊन राहिलेल्या नवऱ्याचा शब्द मोडवेना. म्हणून आईनें त्यांनीं दिलेलें नांव घरांत चालविलें. वहीनें आम्हांस बहिणीचा दिवस सांगितला, पत्रानें आम्हांस बापाचें मन सांगितलें. दोन्हीं जवळ होतीं म्हणूनच ही गोष्ट आमच्या कुटुंबास मिळाली. माझी बहीण आज वृद्ध आहे. तें पत्र मीं तिला वाचून दाखविलें, तेव्हां ती बराच वेळ कांहीं बोलली नाहीं.

शिपायांच्या पत्रांविषयीं आणखी एक गोष्ट आपण ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समध्यें गेलेल्या हिंदी शिपायांचीं पत्रें बुलोन येथील तपासणी-कचेरींत वाचलीं जात, व निवडक उताऱ्यांचें इंग्रजी भाषांतर करून अहवाल वर पाठविला जाई. ते अहवाल लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत जतन केलेले आहेत. दुसऱ्या महायुद्धांतहि असेच अहवाल तयार होत असत. मूळ पत्रें मात्र तपासून घरोघरीं धाडलीं गेलीं, आणि त्यांपैकीं फारच थोडीं आज कोठें सांपडतात. म्हणजे झालें असें कीं, ज्यानें संशयानें वाचलें त्याच्या कपाटांत ते शब्द टिकले, आणि ज्यांनीं प्रेमानें वाचलें त्यांच्या घरांतून ते नाहींसे झाले. टिकले तेहि परक्या भाषेंत, तुकड्या-तुकड्यांनीं. आपल्या आजोबांनीं आपल्या मराठींत लिहिलेलें अख्खें पत्र जर कोठें असेल, तर तें आपल्याच माळ्यावरील ट्रंकेंत आहे. दुसरीकडे कोठेंहि नाहीं.

माझ्या वडिलांच्या १९४४ सालच्या एका पत्रांत, डोंगरमाथ्यावरील एक मोठा मठ पडून त्याची माती झालेली पाहिली, आणि रात्रीं मोटारीखालीं निजून त्यासाठीं प्रार्थना केली, असें लिहिलेलें आहे. मठाचें नांव नाहीं. परंतु पाकिटावरील लष्करी टपालघराचा आंकडा व तारीख जुळवून पाहतां, तो माँते कासिनोचा मठ होय, हें मला पुढें कळून आलें. संत बेनेडिक्ट ह्यांनीं सुमारें ५२९ सालीं स्थापिलेला तो मठ १५ फेब्रुवारी १९४४ रोजीं दोस्तांच्या विमानांनीं बाँब टाकून जमीनदोस्त केला. आणि त्या डोंगरावर चढून लढणाऱ्या सैन्यांत चौथी हिंदी डिव्हिजन होती. परंतु त्या मठांतील ग्रंथ व दप्तर नष्ट झालें नाहीं. १९४३ सालच्या शरद ऋतूंत, लढाई जवळ येत आहे असें पाहून, जर्मन सैन्यांतीलच दोन अधिकाऱ्यांच्या पुढाकारानें व मठवासीयांच्या साहाय्यानें तें पेट्यांत भरून लष्करी मोटारींतून डोंगराखालीं उतरविण्यांत आलें, व पुढें रोमला सुखरूप पोंचलें. मठाच्या भिंती पुन्हां उभ्या राहिल्या, आणि पोप सहावे पौल ह्यांनीं २४ ऑक्टोबर १९६४ रोजीं नव्या मंदिराचें पवित्रीकरण केलें. दगड पुन्हां रचतां येतात. जळालेला कागद पुन्हां लिहितां येत नाहीं.

त्या मठाच्या दप्तरांत ९६० सालचें एक चर्मपत्र आहे. तें कोणा राजाचें फर्मान नव्हे. जमिनीच्या एका तंट्यांत साक्षीदारांनीं आपल्या बोलींत जी साक्ष दिली, ती त्यांत जशीच्या तशी उतरून घेतलेली आहे. आज इटालियन भाषेच्या सर्वांत जुन्या लेखांत त्याची गणना होते. शेताच्या मालकीविषयीं साध्या माणसांनीं काढलेले उद्गार हजार वर्षांनीं एका राष्ट्राचें धन झाले! विहिरीच्या पाण्याविषयीं व खोंडाविषयीं विचारणाऱ्या पत्रास आपण कमी लेखूं नये, तें ह्यासाठीं.

आतां मला आपणांपुढें एक कबुली द्यावयाची आहे. ज्या विषयावर मी उपदेश करीत आहें, त्यांत मी स्वतःच मोठा अपराधी आहें.

१९९१ सालीं माझे वडील वारले. मी तेव्हां सेमिनरींत शिकत होतों. सुट्टींत घरीं आलों, ट्रंक उघडली, आणि माझ्या मनांत शिक्षणाचा अभिमान शिरला. आईच्या फडक्यापेक्षां आपण ही व्यवस्था अधिक चांगली करूं, असें मला वाटलें. मीं तालुक्याच्या गांवाहून एक जाड काळ्या पानांचा आल्बम विकत आणला, आणि सर्व अकरा फोटो डिंक लावून त्यांत पक्के चिकटविले. शिवाय तीन पत्रें एका दुकानांत देऊन त्यांवर प्लॅस्टिक चढवून घेतलें. मी डिंक लावीत असतां आई जवळ बसली होती. तिनें विचारलें, "बाळा, त्यांच्या मागें तुझ्या वडिलांनीं लिहिलेलें आहे ना रे?" मीं उत्तर दिलें, "आई, मागची बाजू कोण बघतो?" ती पुढें कांहीं बोलली नाहीं. मुलगा फादर होणार, त्याला अधिक कळत असेल, असें तिला वाटलें असावें.

आई २००९ सालीं प्रभूच्या घरीं गेली. त्यानंतर कांहीं महिन्यांनीं मी शांतपणें पत्रें वाचावयास बसलों, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, पत्रांतून ज्या माणसांचे उल्लेख येतात त्यांचीं नांवें फोटोंच्या मागें असलीं पाहिजेत. मीं फोटो काढूं गेलों, तों मागचा कागद डिंकाबरोबर आल्बमालाच चिकटून राहिला व वडिलांच्या पेन्सिलीच्या अक्षरांच्या चिंध्या झाल्या. प्लॅस्टिकमधील पत्रें आंतल्या आंत तांबूस पडलीं आहेत, पुष्कळ ओळी दिसेनाशा झाल्या आहेत, आणि तीं आतां बाहेरहि काढतां येत नाहींत. जीं पस्तीस पत्रें माझ्या अडाणी आईच्या फडक्यांत राहिलीं, तीं आजहि स्वच्छ वाचतां येतात.

त्या अकरा फोटोंपैकीं एकाविषयीं सांगतों. ४ जून १९४४ रोजीं दोस्तांचें सैन्य रोमांत शिरलें, आणि त्यानंतर पोप बारावे पायस ह्यांनीं शिपायांच्या मोठमोठ्या समुदायांस दर्शन दिलें. माझ्या वडिलांसहि दोन दिवसांची रजा मिळून रोम पाहावयास मिळालें. त्या फोटोंत संत पेत्राच्या मंदिरापुढील खांबांच्या रांगेजवळ ते एका सोबत्याच्या खांद्यावर हात ठेवून उभे आहेत. तो सोबती सातारा भागांतला, हिंदु. पत्रांत वडील त्यास केवळ "आमचे सातारकर" म्हणतात. त्यानें मंदिरांत जाऊन माझ्या आईच्या नांवानें एक मेणबत्ती लावली, असें त्या पत्रांत आहे. पुढें हिंवाळ्यांतील एका पत्रांत, आमचे सातारकर तोफेच्या गोळ्यानें गेले, एवढें एकच वाक्य आहे. आणि त्या पत्रांत विहिरीविषयीं किंवा खोंडाविषयीं कांहीं विचारलेलें नाहीं.

आमच्या घरीं रात्रींच्या माळेनंतर आई नेहमीं "सातारकर भाऊजींसाठीं" म्हणून एक नमो मरिया म्हणावयास लावी. आम्ही मुलें ती म्हणत असूं. हे भाऊजी कोण, त्यांचें नांव काय, हें मीं वयाच्या चाळिशीपर्यंत तिला एकदांहि विचारलें नाहीं. फोटोच्या मागें वडिलांनीं त्यांचें पूर्ण नांव व गांव लिहिलें होतें. आतां तेथें "राव" एवढीं दोनच अक्षरें उरलीं आहेत.

इटलींत कामास आलेल्या हिंदी शिपायांची संख्या पांच हजारांहून अधिक आहे. १९१७ सालीं स्थापन झालेल्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशननें अशा वीरांचीं नांवें जतन केलीं आहेत. ज्यांचें दहन झालें त्यांचीं नांवेंहि स्मारकांवर कोरलेलीं आहेत. नांव ठाऊक असेल तर आज कोणासहि घरबसल्या तो शोध करतां येतो. माझ्यापाशीं नांवच नाहीं. सातारा जिल्ह्यांत एखादें घर असें असेल कीं, जेथें ह्या तरुणाचा एकहि फोटो नाहीं. तो फोटो माझ्यापाशीं आहे. परंतु माझ्याच हातानें फाटलेल्या कागदामुळें तो मला त्या घरीं पोंचवितां येत नाहीं. दर वर्षीं २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनीं, मी त्यांच्यासाठीं मिस्सा अर्पण करतों. परमेश्वराला त्यांचें नांव ठाऊक आहे, असा माझा विश्वास आहे. परंतु त्या विश्वासाआड माझा निष्काळजीपणा लपविणें बरें नव्हे.

सबब, माझ्या हातून जें झालें तें आपल्या हातून होऊं नये, म्हणून कांहीं साध्या गोष्टी सांगतों.

पहिली गोष्ट ही कीं, कागदांस डिंक, चिकटपट्टी किंवा प्लॅस्टिकचा गरम थर कधींहि लावूं नये. एकदां लावलेलें पुन्हां निघत नाहीं. टांचण्या व लोखंडी क्लिपा गंजतात. त्या हलक्या हातानें काढून टाकाव्या. पत्रें घडी उलगडून, सपाट, जाड कागदी पाकिटांत किंवा धुतलेल्या सुती फडक्यांत ठेवावीं. अम्लरहित कागद मिळाल्यास फारच उत्तम. त्या काळचीं पुष्कळ पत्रें कॉपिंग पेन्सिलीनें लिहिलेलीं असतात. त्यांना पाण्याचा थेंब लागला कीं अक्षर जांभळें होऊन पसरतें. म्हणून ओल्या फडक्यानें तीं पुसूं नयेत. ट्रंक चुलीच्या धुराजवळ, पत्र्याखालील तापणाऱ्या माळ्यावर, किंवा ओल येणाऱ्या भिंतीशीं ठेवूं नये. वर्षांतून एकदां ती सावलींत उघडून वाळवी व कसर पाहावी.

दुसरी गोष्ट, पाकीट टाकून देऊं नये. त्यावरील लष्करी टपालघराचा आंकडा व शिक्का ह्यांवरून, पत्रांत जें लिहितां येत नव्हतें तें कळून येतें. फौजेंतून सुटल्याचा दाखला, पगाराचें पुस्तक, पदकें, मनिऑर्डरीच्या पावत्या, हेंहि सर्व एकत्र ठेवावें.

तिसरी गोष्ट, प्रत्येक फोटोच्या मागें कडेला मऊ पेन्सिलीनें, दाब न देतां, नांव, गांव व साल लिहावें. "आजोबा" असें लिहूं नये. कोणाचे आजोबा, हें पन्नास वर्षांनीं कोणास कळणार? पूर्ण नांव लिहावें. फोटोच्या दोन्ही बाजूंची व प्रत्येक पत्राची छायाप्रत काढून ती दोन-तीन भावंडांच्या घरीं ठेवावी. मोबाईलनें काढलेली प्रतहि चांगली. परंतु ती एकाच मोबाईलांत राहूं देऊं नये, आणि ती काढली म्हणून मूळ कागद रद्दींत घालूं नये. पत्राची नक्कल करतांना शुद्धलेखन सुधारूं नये. आपल्या वडिलांनीं जसें लिहिलें तसेंच उतरावें. त्या चुकांतहि त्यांचा आवाज आहे.

चौथी गोष्ट सर्वांत मोठी आहे, आणि तिला पैसा लागत नाहीं. जीं वृद्ध माणसें आज आपल्यांत आहेत त्यांच्याजवळ बसून त्यांना विचारावें. कागद शंभर वर्षें वाट पाहतो. माणूस पाहत नाहीं.

कोणी म्हणेल, फादर, आमच्या घरच्या पत्रांत कर्जाच्या, भाऊबंदकीच्या, रुसव्याफुगव्याच्या गोष्टी आहेत. त्या मुलांनीं कशाला वाचाव्या? हा आक्षेप मी हलका मानीत नाहीं. प्रत्येक पत्र प्रत्येकास वाचावयास द्यावें, असें माझें म्हणणें नाहीं. जें खाजगी असेल तें वेगळ्या पाकिटांत बंद करून, वर तसें लिहून ठेवावें. परंतु तें जाळूं नये. पवित्र शास्त्रानें दाविदाचें पाप झांकलें नाहीं, कीं पेत्राचें नाकारणें झांकलें नाहीं. आपल्या वडीलधाऱ्यांचा मोठेपणा निर्दोष असण्यांत नव्हता. अडचणींत राहूनहि त्यांनीं विश्वास सोडला नाहीं, ह्यांत तो होता. तो मोठेपणा अडचणी पुसून टाकल्यावर दिसणार कसा?

ह्या शताब्दीची आठवण म्हणून पुढील रविवारपासून मिस्सानंतर धर्मग्रामाच्या कचेरींत दोन तरुण बसतील. आपण जीं पत्रें व फोटो आणाल, त्यांची आपल्या समक्ष प्रत काढून मूळ कागद लागलीच परत दिला जाईल. ठेव आपली, ती आपल्याच घरीं राहो. प्रत तेवढी वह्यांच्या शेजारीं कपाटांत राहील. मंदिराच्या पायरीवरील त्या चार शिपायांचा फोटो दाराजवळच्या टेबलावर ठेविला आहे. त्याच्याजवळ एक कोरा कागद व पेन्सिल आहे. एक नांव त्यावर लिहिलें गेलें आहे. तीन जागा रिकाम्या आहेत. माझ्या वडिलांचा व सातारकरांचा फोटोहि मीं ह्या स्मरणिकेंत छापावयास दिला आहे. आपल्यांपैकीं कोणाचे आप्त-स्नेही त्या भागांत असतील तर त्यांना तो अवश्य दाखवावा.

पांच हजारांना तृप्त केल्यावर प्रभु येशूनें शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लाविलें, आणि बारा टोपल्या भरल्या. ज्याला हवी तेवढी भाकर निर्माण करतां येत होती, त्यालाहि तुकडा वायां गेलेला आवडला नाहीं. आपणांस तर एकहि पत्र नव्यानें निर्माण करतां येणार नाहीं.

आज घरीं गेल्यावर एवढेंच करावें. भिंतीवरचा किंवा ट्रंकेंतला एक जुना फोटो काढावा, घरांतील सर्वांत वृद्ध माणसाच्या हातीं द्यावा, आणि विचारावें कीं, हे कोण? तीं सांगतील तें त्याच वेळीं, त्यांच्यासमोर, मागच्या बाजूस लिहून ठेवावें.

परमेश्वर आपल्या सर्व कुटुंबांस, जिवंत व मृत, आपल्या कृपेंत राखो.